विश्लेषण : नोकरी, संसार आणि टोपणनाव… विभावरी शिरूरकर लिहित्या कशा राहिल्या?

शाळेतील शिक्षिका, सरकारी वसाहतीची अधिकारी, पत्नी, आई आणि मराठीतील सर्वांत खळबळजनक पुस्तकाची लेखिका. मालतीबाई बेडेकर यांनी हे सगळे एका आयुष्यात केले, पण एकाच वेळी केले नाही. त्यांच्या लेखनातील पंधरा वर्षांच्या खंडाची ही गोष्ट.

भिवंडी तालुक्यातील खारबावसारख्या गावातून दिवा-वसई मार्गाची गाडी पकडून रोज कामावर जाणाऱ्या, संध्याकाळी परतल्यावर स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास पाहणाऱ्या बाईने कथा-कादंबरी लिहायची ती कधी? हा प्रश्न आज समाजमाध्यमांवर, लेखन कार्यशाळांमध्ये आणि वाचनालयांच्या कार्यक्रमांत वारंवार विचारला जातो. उत्तरे बहुधा ठरलेली असतात. पहाटे उठा, रोज एक पान लिहा, वेळेचे नियोजन करा.

मराठीत या प्रश्नाला सुमारे नव्वद वर्षांपूर्वी एका बाईने वेगळ्याच प्रकारे तोंड दिले होते. तिचे माहेरचे नाव बाळूताई खरे, सासरचे मालतीबाई बेडेकर आणि पुस्तकावरचे विभावरी शिरूरकर. या तीन नावांचा प्रवास पाहिला, तर नोकरी, घर आणि लेखन यांचा मेळ घालणे म्हणजे नेमके काय, याचा उलगडा होतो.

विभावरी शिरूरकर कोण होत्या?

बाळूताई खरे यांचा जन्म 1905 मध्ये पुणे जिल्ह्यातील घोडनदी, म्हणजेच शिरूर येथे झाला. वडील अनंतराव खरे शिक्षक होते आणि मुलींना शिकवले पाहिजे या मताचे होते. आई इंदिराबाई यांनी अनेक वर्षे दुधाचा व्यवसाय स्वतःच्या हिमतीवर चालवला. बाईने घर सांभाळून पैसे मिळवणे ही गोष्ट या मुलीने पुस्तकात वाचण्याआधी घरातच पाहिली होती.

लहान वयातच बाळूताईंना पुण्याजवळच्या हिंगणे येथे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या संस्थेत शिकायला पाठवण्यात आले. कर्वे यांनी 1896 मध्ये विधवा स्त्रियांसाठी आश्रम सुरू केला होता आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना केली होती. या विद्यापीठात मातृभाषेतून उच्च शिक्षण मिळत असे. पदव्यांची नावेही वेगळी होती. बी.ए.च्या तोडीची पदवी गृहीतागमा आणि त्यापुढची प्रदेयागमा. बाळूताईंनी या दोन्ही पदव्या मिळवल्या. ‘रागिणी’ आणि ‘सुशीलेचा देव’ या कादंबऱ्यांचे लेखक वामन मल्हार जोशी तेथे शिकवत होते. विचार आणि कादंबरी यांचा संबंध असतो, हे त्या काळच्या विद्यार्थिनींना त्यांच्याकडून कळत होते.

शिक्षण संपल्यावर बाळूताई याच परिवारातील कन्याशाळेत शिक्षिका झाल्या. पुढे 1930च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच्या नावाने त्यांची दोन गंभीर पुस्तके आली. ‘अलंकारमंजूषा’ दागिन्यांच्या अभ्यासाचे होते, तर के. ना. केळकर यांच्यासह लिहिलेले ‘हिंदुव्यवहार धर्मशास्त्र’ हिंदू कायद्याविषयीचे. वाचकांना त्या अभ्यासू शिक्षिका म्हणून माहीत झाल्या. त्याच हातांनी दुसरेही काही लिहिले जात आहे, याची कल्पना फार थोड्यांना होती.

टोपणनावाची गरज का पडली?

1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. प्रकाशक होते ह. वि. मोटे. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. विभावरी म्हणजे रात्र आणि शिरूर हे जन्मगाव. ओळख लपवणारे नाव निवडतानाही त्यांनी गावाचा धागा सोडला नव्हता.

कथांचे विषय तोपर्यंत मराठी कथेत एवढ्या उघडपणे आले नव्हते. शिकलेल्या पण लग्न न झालेल्या मुली, हुंडा, वयात आलेल्या बाईची शरीराची आणि मनाची ओढ, होस्टेलमधले एकटेपण. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचे शीर्षकच बोलके आहे. मुलीच्या पगारावर वडिलांचे घर चालते, मग तिचा स्वतःचा संसार कधी, हा प्रश्न तिथे मांडला आहे. 1930 मध्ये शारदा कायदा लागू होऊन मुलींच्या लग्नाचे किमान वय 14 झाले होते. अशा काळात पंचविशी ओलांडलेल्या अविवाहित, कमावत्या मुलीचे मन हा विषयच अनेकांना धक्कादायक वाटला.

त्यावर वादळ उठले. सभांमध्ये निषेध झाला, नियतकालिकांतून टीका झाली. लेखन अश्लील आहे, संस्कृतीला घातक आहे, असे आरोप झाले. असे लिहिणारी बाई असूच शकत नाही, हा कोणी पुरुष असावा, असेही तर्क लढवले गेले. प्रकाशक मोटे यांनी मात्र नाव गुप्त ठेवले.

टोपणनावाचा संबंध अनेकदा केवळ लाजेशी किंवा भीतीशी जोडला जातो. इथे त्याचा थेट संबंध नोकरीशीही होता. मुलींच्या शाळेतील शिक्षिकेकडून समाजाची अपेक्षा काय होती, हे वेगळे सांगायला नको. कर्वे यांच्या संस्था देणग्यांवर आणि पालकांच्या विश्वासावर उभ्या होत्या. आपल्या मुली जिथे ठेवल्या आहेत तिथलीच शिक्षिका असे लिहिते, हे बाहेर आले असते तर किंमत एकट्या लेखिकेला मोजावी लागली नसती. नोकरी टिकवून लिहायचे तर दोन नावे लागणार होती. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी पगाराचे खाते आणि लेखनाचे खाते वेगळे ठेवले.

तीन वर्षांत तीन पुस्तके कशी आली?

‘कळ्यांचे निःश्वास’पाठोपाठ 1934 मध्ये ‘हिंदोळ्यावर’ आणि 1935 मध्ये ‘विरलेले स्वप्न’ या कादंबऱ्या आल्या. ‘हिंदोळ्यावर’ची नायिका अचला शिकलेली आहे, विवाहित आहे, पण नवऱ्यापासून दुरावलेली आहे. प्रेम आणि मातृत्व यांची इच्छा तिने कायद्याच्या चौकटीबाहेर पूर्ण करायची का, हा पेच कादंबरीत आहे. हा पेच कल्पनेतला नव्हता. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदेशीर मार्ग 1947 मध्ये मिळाला आणि देशभरात 1955च्या हिंदू विवाह कायद्याने. म्हणजे ही कादंबरी कायद्याच्या तेरा वर्षे पुढे होती. हिंदू कायद्यावरच्या पुस्तकाची सहलेखिका ही कथा रचत होती, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. एका पुस्तकातला अभ्यास दुसऱ्या पुस्तकातल्या बाईच्या अडचणीत उतरला होता.

लागोपाठच्या या तीन पुस्तकांच्या वेळी त्या तिशीच्या आसपास होत्या, अविवाहित होत्या आणि शिक्षिकेची नोकरी करत होत्या. शाळेचे काम कमी नव्हते, पण तिथला दिवस त्यांना माहितीचा होता. कथांमधल्या मुली आणि बाया त्यांच्या रोजच्या वावरातल्याच होत्या. लेखनासाठी माहिती गोळा करायला वेगळे कुठे जावे लागत नव्हते.

सोलापूरची नोकरी काय होती?

1930च्या दशकाच्या उत्तरार्धात बाळूताईंनी कन्याशाळा सोडली आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये अधिकारी म्हणून सरकारी नोकरी धरली. ही नोकरी समजून घेतल्याशिवाय त्यांचे पुढचे लेखन कळत नाही.

ब्रिटिश सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यानुसार काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवण्यात आले. 1924 मध्ये हा कायदा एकत्रित स्वरूपात देशभर लागू झाला. या जमातींतील कुटुंबांना तारेच्या कुंपणाच्या वसाहतींत ठेवले जाई. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि बाहेर जायचे तर परवानगीची चिठ्ठी लागे. सोलापुरात कापड गिरण्या असल्याने वसाहतीतील लोकांना तिथे कामाला लावले जाई. सरकारच्या लेखी ही सुधारणा होती. राहणाऱ्यांच्या लेखी ती कैद होती.

अशा ठिकाणी एका मध्यमवर्गीय, उच्चशिक्षित बाईने अधिकारपदावर काम करणे ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. घंटा वाजली की संपणारी ही नोकरी नव्हती. माणसांची भांडणे, उपासमार, बाळंतपणे, मुलांच्या शाळा, पोलीस, गिरणी हे सगळे दिवसात येत होते. शिवाय पेचही होता. ज्या व्यवस्थेने या माणसांना कुंपणात ठेवले, तिच्याच वतीने त्यांना काम करायचे होते.

याच काळात, 1938 मध्ये, त्यांचा विवाह विश्राम बेडेकर यांच्याशी झाला आणि त्या मालती बेडेकर झाल्या. तेव्हा त्यांचे वय 33 होते. विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ ही कादंबरी पुढच्याच वर्षी आली आणि ती मराठीतील महत्त्वाच्या कादंबऱ्यांपैकी एक मानली जाते. विश्राम चित्रपटसृष्टीत होते. प्रभातच्या ‘शेजारी’ या 1941च्या गाजलेल्या चित्रपटाचे लेखन त्यांचे. मालतीबाईंनी 1940 मध्ये सरकारी नोकरी सोडली. त्यांना एक मुलगा झाला.

मधली पंधरा वर्षे कुठे गेली?

पुस्तकांची यादी पाहिली की एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. 1933, 1934, 1935 अशी लागोपाठ तीन पुस्तके आणि त्यानंतर पुढची कादंबरी ‘बळी’ थेट 1950 मध्ये. मध्ये 1947 मध्ये ‘पारध’ हे नाटक आले. तरीही कथा-कादंबरीच्या हिशेबाने हा खंड पंधरा वर्षांचा आहे. सेटलमेंटची नोकरी, लग्न, मातृत्व, दुसरे महायुद्ध आणि स्वातंत्र्य हे सगळे या पंधरा वर्षांत आले.

वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. नोकरी आणि घर यांनी लेखिकेला गिळले. यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. ज्या लेखिकेने तीन वर्षांत तीन पुस्तके देऊन मराठी वाचकाची झोप उडवली, तिच्याकडून तिशी आणि चाळिशीच्या ऐन भरात आणखी काही पुस्तके आली असती. ती आली नाहीत, हे मराठीचे नुकसान आहे. त्याला मोठेपणाचे वेष्टन घालण्याची गरज नाही.

पण ‘बळी’ वाचली की दुसरी बाजू दिसते. ही कादंबरी सेटलमेंटमधल्या मांगगारुडी जमातीच्या जगण्यावर आहे. तारेच्या आतले दारिद्र्य, हजेरी, बाहेरच्या जगाची ओढ आणि माणूस म्हणून जगण्याची धडपड तिथे येते. ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिणारी शिक्षिका ही कादंबरी लिहू शकली नसती, कारण ते जग तिने पाहिलेले नव्हते. ते जग नोकरीने दाखवले. नोकरीने वेळ घेतला आणि विषय दिला. मात्र या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या नाहीत. नोकरी सुटल्यानंतर दहा वर्षांनी तो अनुभव पुस्तक झाला.

काळाचा योगायोगही पाहण्यासारखा आहे. ‘बळी’ 1950 मध्ये आली आणि 1952 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. कादंबरीमुळे कायदा गेला असे नाही. मात्र ज्यांच्याविषयी मराठी मध्यमवर्गात कुजबूज आणि संशय होता, त्या माणसांना कादंबरीच्या मध्यभागी आणण्याचे काम कायदा जिवंत असतानाच झाले होते.

आई झाल्यावर लेखन थांबले का?

‘बळी’नंतरची यादी या प्रश्नाचे उत्तर देते. 1952 मध्ये ‘जाई’, 1953 मध्ये ‘खरेमास्तर’, 1957 मध्ये ‘दोघांचे विश्व आणि इतर कथा’, पुढे ‘शबरी’. 1962 मध्ये ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ हे वेगळ्या प्रकारचे पुस्तक आले. ते कथा नव्हे, तर निराधार स्त्रियांच्या परिस्थितीचा अभ्यास होता. म्हणजे पंचेचाळीस ते सत्तावन्न या वयात त्यांचा दुसरा बहर आला. पहिला बहर अविवाहित शिक्षिकेचा, दुसरा संसारी आईचा.

या दुसऱ्या टप्प्यात विषयही बदलले. ‘खरेमास्तर’ ही त्यांच्या वडिलांच्या आयुष्यावर आधारलेली चरित्रात्मक कादंबरी आहे. मुलींना शिकवण्याचा हट्ट धरणारा बाप आणि त्याच्या घराने त्यासाठी मोजलेली किंमत, हा तिचा विषय. तरुणपणी त्यांनी मुलीच्या बाजूने वडिलांच्या संसाराला प्रश्न विचारला होता. स्वतः आई झाल्यानंतर त्या वडिलांच्या बाजूने त्याच घराकडे पाहू शकल्या. मातृत्वाने लेखन अडवले की वाढवले, या वादात हा बदल सहसा मोजला जात नाही. तो तासांत मोजता येत नाही.

मधल्या काळात त्या गप्प बसल्या होत्या असेही नाही. सामाजिक काम आणि काही काळ समाजवादी पक्षाचे काम त्यांनी केले. निराधार स्त्रियांविषयीचे पुस्तक अशा कामातूनच उभे राहते. एका कामाची शिल्लक दुसऱ्या कामात वापरण्याची ही सवय आयुष्यभर दिसते.

इतर लेखिकांनी काय केले?

त्याच पिढीतील काही जणींनी वेगळी वाट शोधली. कुसुमावती देशपांडे (1904-1961) नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या. लंडनमध्ये शिकलेल्या कुसुमावतींनी अध्यापन करत असताना कथा हा छोटा प्रकार निवडला. ‘दीपकळी’ हा त्यांचा संग्रह 1934चा. पुढे समीक्षेत त्यांनी मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा दोन भागांत आढावा घेतला, म्हणजे वर्गात शिकवण्याचे कामच ग्रंथलेखनाला जोडून घेतले. 1961 मध्ये ग्वाल्हेरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

बेळगावच्या इंदिरा संत (1914-2000) यांना 1946 मध्ये पतीच्या निधनानंतर मुलांना एकटीने वाढवावे लागले. शिक्षकी पेशात राहून त्यांनी मुख्यतः कविता लिहिली, कथाही लिहिल्या.

त्याच काळात इंग्लंडमध्ये व्हर्जिनिया वुल्फ यांनी 1929 मध्ये मांडलेला युक्तिवाद जगभर गाजला. बाईला कथा-कादंबरी लिहायची तर तिची स्वतःची खोली आणि वर्षाला 500 पौंडांचे उत्पन्न हवे, असे त्याचे सार. वुल्फ यांना मूल नव्हते आणि त्यांचा युक्तिवाद वारसाहक्काने आलेल्या उत्पन्नाच्या आधाराने उभा होता. शिरूरच्या शिक्षकाच्या मुलीकडे वारसा नव्हता, पगार होता. खोलीऐवजी तिने नाव मिळवले. जिथे कोणी येऊन जाब विचारणार नाही, अशी जागा त्या टोपणनावाने तिला दिली.

आजच्या नोकरदार लेखिकेसाठी याचा अर्थ काय?

परिस्थिती बदलली आहे. मुंबई प्रांताने 1929 मध्ये प्रसूती लाभाचा कायदा केला, तो कारखान्यातील कामगार स्त्रियांपुरता होता. देशव्यापी कायदा 1961 मध्ये आला आणि 2017च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील स्त्रियांना पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. भिवंडीच्या आसपास गोदामे आणि यंत्रमाग आहेत, पण कंत्राटी कामावरच्या बाईपर्यंत हे लाभ कितपत पोहोचतात, हा वेगळ्या बातमीचा विषय आहे. खारबावहून मोजक्या गाड्यांच्या वेळेवर घर आणि नोकरी बसवणाऱ्या बाईला कायदा बाळासाठी रजा देतो. कादंबरीसाठी रजा कोणताच कायदा देत नाही.

मालतीबाईंच्या आयुष्यातून दिनक्रमाचा नमुना मिळत नाही. मिळतो तो वेगळा हिशेब. नोकरी, मूल आणि लेखन यांची तोलणी रोजच्या चोवीस तासांत केली तर लेखन बहुतेक दिवशी हरते. ती पंचवीस-तीस वर्षांच्या पट्ट्यावर केली तर चित्र बदलते. काही वर्षे नोकरीची, काही घराची, काही पुस्तकांची. मधल्या वर्षांत पाहिलेले, ऐकलेले आणि सोसलेले वाया जात नाही, अट एवढीच की लिहिणे कायमचे संपले असे त्या बाईने आणि तिच्या घराने मानू नये.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. वेळ मिळाला तरी नोकरी जाईल किंवा घरात वाद होईल, या धास्तीने अनेकजणी स्वतःच्या जगण्याविषयी लिहीत नाहीत. बाळूताईंच्या बाबतीत एका प्रकाशकाने गुपित सांभाळले, म्हणून पुढची दोन पुस्तके आली. लेखिकेला मदत करायची तर तिला वेळ काढून देण्याइतकेच तिच्यामागे उभे राहणेही मोलाचे असते, हे यातून दिसते.

पुढे काय झाले?

विभावरी शिरूरकर म्हणजे कोण हे पुढे सर्वांना माहीत झाले आणि दोन्ही नावे एकत्र घेतली जाऊ लागली. 1981 मध्ये मुंबईत भरलेल्या समांतर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी मालतीबाई होत्या. मुख्य संमेलनापासून फारकत घेणाऱ्यांचे ते व्यासपीठ होते. पाच वर्षांनी, 1986 मध्ये, मुंबईतच झालेल्या मुख्य संमेलनाचे अध्यक्षपद विश्राम बेडेकर यांनी भूषवले. त्याआधी 1985 मध्ये त्यांच्या ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता.

मालतीबाईंच्या वाट्याला मुख्य संमेलनाचे अध्यक्षपद आले नाही. 1878 पासून सुरू झालेल्या या परंपरेत कुसुमावती देशपांडे यांच्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि 2025 मध्ये तारा भवाळकर अशा सहाच स्त्रिया त्या खुर्चीवर बसल्या आहेत.

7 मे 2001 रोजी मालतीबाईंचे निधन झाले. वय 96 वर्षांच्या घरात होते. 1933 मध्ये ज्या पुस्तकाच्या निषेधाच्या सभा झाल्या, ते आज मराठी कथेच्या अभ्यासक्रमांत आणि स्त्रीवादी समीक्षेत आवर्जून येते. कमावत्या मुलीच्या पगारावर हक्क कोणाचा आणि तिच्या आयुष्यावर कोणाचा, हा त्यातला प्रश्न मात्र अजून अनेक घरांत महिन्याच्या पहिल्या तारखेला नव्याने उभा राहतो.